परळ, १९५२: जोडजनुकांची गोष्ट

१९५२ सालच्या मे महिन्यात लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटंसं टिपण छापून आलं. पान ९०३ आणि ९०४, एवढंच. त्यावर सात नावं होती. पहिली तीन परळच्या केईएम रुग्णालयातली: वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. उरलेली चार लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधली: रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. विषय होता एबीओ पद्धतीशी नातं सांगणारं एक 'नवं' रक्तगट-लक्षण. आज जगातल्या कुठल्याही रक्तपेढीत 'बॉम्बे' हा शब्द उच्चारला की तंत्रज्ञ सावध होतो, तो या टिपणामुळे. शहराचं नाव १९९५ साली बदललं, रक्तगटाचं मात्र बदललं नाही.

या शोधाची सुरुवात दोन जखमी माणसांपासून झाली. एक रेल्वेच्या अपघातात सापडलेला, दुसरा भोसकला गेलेला. त्या काळच्या परळ-लालबागमध्ये यात नवल काही नव्हतं. चहूबाजूंनी गिरण्या, पाळ्यांवर चालणारी यंत्रं, रेल्वेची वर्कशॉपं, दाटीवाटीच्या चाळी. कुणाचा हात पट्ट्यात अडकायचा, कुणी रूळ ओलांडताना सापडायचा, आणि स्ट्रेचर यायचं ते बहुधा केईएममध्येच.

हे रुग्णालयही साधंसुधं नव्हतं. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या नावाच्या देणगीतून शेजारचं वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं आणि १९२६ साली दोन्ही सुरू झाली. देणगीला अट होती: इथे शिकवणारे भारतीयच असतील, आणि तेही सरकारी नोकरीतले नसतील. ज्या काळात वैद्यकीय प्राध्यापकाची खुर्ची म्हणजे गोऱ्या साहेबाची खुर्ची असं समीकरण होतं, त्या काळात ही अट म्हणजे उघड आव्हान होतं. पहिले अधिष्ठाता जीवराज मेहता. गांधीजींचे डॉक्टर म्हणून ते ओळखले जात आणि पुढे १९६० साली ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आसपास हाफकिन इन्स्टिट्यूट, वाडियांची दोन रुग्णालयं, १९४१ पासून टाटा मेमोरियल. गिरणगाव म्हटलं की संप आणि भोंगे आठवतात. पण मैलभराच्या परिसरात इतकं वैद्यकीय संशोधन भारतात दुसरीकडे क्वचितच एकवटलं असेल. ही बाजू आपण फार कमी सांगतो, याची मला खंत वाटते.

आता त्या दोन रुग्णांकडे येऊ. रक्तगट तपासायची रीत आजही मुळात तीच आहे. पांढऱ्या टाईलवर रुग्णाच्या रक्ताचे दोन थेंब ठेवायचे. एकात ए-विरोधी द्रव घालायचा, दुसऱ्यात बी-विरोधी. काडीने ढवळायचं आणि टाईल हलकेच डावी-उजवीकडे कलती करत राहायचं. जिथे रक्त फाटल्यासारखं होऊन रवाळ गुठळ्या दिसतात, तिथे तो गट आहे. दोन्ही थेंब गुळगुळीत तांबडे राहिले, तर गट ओ. या दोघांचे थेंब गुळगुळीतच राहिले. म्हणजे ओ. म्हणजे ओ गटाची बाटली आणा.

बाटली आली. पण रक्त चढवण्याआधी क्रॉसमॅच करायचा असतो: दात्याच्या तांबड्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून पाहायच्या. मिसळल्या, तर ओ गटाच्या त्या पेशींच्याही गुठळ्या झाल्या. दुसरी बाटली, तीच गत. तिसरी, तीच. ए, बी, एबी तर नाहीच चाललं, पण ज्या ओ गटाचं रक्त सगळ्यांना चालतं असा पाठच झालेला नियम होता, तेही चालेना. घाईच्या वेळी इथे चूक होणं अगदी सोपं असतं. चाचणीचा द्रव खराब झाला असेल, बाटलीवर चिठ्ठी चुकली असेल, असं म्हणून पुढे जाता येतं. भेंडे आणि त्यांचे सहकारी पुढे गेले नाहीत. त्यांनी टाईलवर जे दिसलं त्यावर विश्वास ठेवला. याच तऱ्हेचं रक्त असलेली तीन माणसं त्यांच्या नोंदीत आली. या तिघांची नावं इतिहासात नाहीत. पण रक्तशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलं एक आख्खं प्रकरण त्यांच्या देहांवर उभं आहे.

लंडनकडे वळायला कारण होतं. रेस आणि सँगर यांचा रक्तगट विभाग तेव्हा या विषयातलं जगाचं सर्वोच्च न्यायालय होता. (दोघांनी पुढे १९५६ साली लग्न केलं आणि त्यांचा 'ब्लड ग्रुप्स इन मॅन' हा ग्रंथ कित्येक आवृत्त्यांतून वाढत गेला.) त्याच लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मॉर्गन आणि वॉटकिन्स रक्तगटाच्या रसायनाचा माग काढत होते. ए आणि बी यांच्या मुळाशी आणखी एक पदार्थ असावा, हे त्यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं आणि त्याला 'एच' हे नाव दिलं होतं. ओ गटाच्या पेशींवर तो भरपूर असतो. ए आणि बी गटांच्या पेशींवरही थोडाफार उरतो. म्हणजे माणूस म्हटला की एच असणारच, अशी समजूत होती. परळच्या तीन माणसांच्या पेशींवर एच नव्हता. आणि ज्याच्याकडे एच नाही, त्याच्या रक्तात एच-विरोधी प्रतिपिंडं तयार होतात. एच जवळजवळ सगळ्या माणसांच्या पेशींवर, म्हणून सगळ्या जगाचं रक्त या तिघांना परकं.

एच म्हणजे नेमकं काय, ते समजायला भिंतीतली खुंटी डोळ्यांपुढे आणावी. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या लोंबत असतात. एक विकर त्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडतं. ही झाली खुंटी, म्हणजेच एच. ज्याच्याकडे ए जनुक आहे, त्याचं विकर या खुंटीवर एक साखर अडकवतं. बी जनुकाचं विकर दुसरी. ओ जनुकाचं विकर निकामी असतं, म्हणून खुंटी नुसतीच राहते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते. त्याच्याकडे ए किंवा बी जनुक अगदी धडधाकट असेल, विकर तयारही होत असेल, पण अडकवायचं कशाला? टाईलवर तो ओ दिसतो. प्रत्यक्षात तो कुणीच नसतो.

याचा पुरावा १९५५ साली अमेरिकेत मिळाला. फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांना एका कुटुंबात अशी बाई आढळली जी तपासणीत ओ दिसत होती, पण तिच्या मुलीचा गट एबी होता. वरवर पाहता ही मुलगी तिची असूच शकत नव्हती. पण बाईकडे बी जनुक होतं. ते तिच्यात दिसलं नाही आणि मुलीत दिसलं. रक्तगटावरून कुणाच्या आई-बापपणाचा निवाडा करणाऱ्यांनी हे उदाहरण उशाशी ठेवावं.

या काळातली आणखी एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. गिरणगावातल्या कोकणी बिऱ्हाडांत, खानावळींत, पानात कुळथाची पिठी हमखास असायची. १९५१ साली जी. डब्ल्यू. जी. बर्ड या भारतात काम करणाऱ्या डॉक्टरांनी 'करंट सायन्स'मध्ये कळवलं की कुळथाचा अर्क ए गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो. महागड्या, परदेशी द्रवाचं काम आपलं कडधान्य करू शकत होतं. आजही कुळथातला हा पदार्थ रक्तपेढ्यांत ए गटाचे उपप्रकार ओळखायला वापरतात. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए जनुक असलं तरी त्याच्या पेशींपुढे कुळीथही गप्प बसतं.

परळमध्ये बॉम्बे गटाचा शोध एकाकी नव्हता. डॉ. व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९४९-५० च्या सुमारास मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजगटांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासून त्याचा मोठा अभ्यास छापला होता. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र काढलं. त्याचीच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था झाली. ती आजही केईएमच्याच आवारात, बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर आहे. लॅन्सेटच्या टिपणातले भाटिया पुढे या संस्थेचे संचालक झाले. भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली मुंबईतलं बॉम्बे गटाचं प्रमाण मांडलं: साधारण ७,६०० माणसांत एक. युरोपात हेच प्रमाण दहा लाखांत एक इतकं विरळ मानतात. भेंडे यांचं नाव मात्र वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्यांना वेगळ्याच कारणानं ठाऊक होतं. देवधरे यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं पॅथॉलॉजीचं पाठ्यपुस्तक या विद्यार्थ्यांच्या हातात असायचं.

इथवरची गोष्ट बरेचजण सांगतात. मला जास्त मोलाची वाटते ती पुढची, जी उलगडायला आणखी चाळीस वर्षं लागली.

एच बनवणारं जनुक १९९० साली अमेरिकेत जॉन लोव यांच्या गटानं वेगळं काढलं. आज त्याला एफयूटी-१ म्हणतात. पण शोध घेताना त्याच्यासारखंच आणखी काही हाती लागत होतं. १९९५ साली चित्र स्पष्ट झालं: एकोणिसाव्या गुणसूत्रावर, शेजारी शेजारी, एकाच मुशीतून काढल्यासारखी तीन जनुकं आहेत. एफयूटी-१, एफयूटी-२ आणि एक मृत, निकामी झालेली नक्कल. कधीकाळी मूळ जनुकाची प्रत निघाली, प्रतीची प्रत निघाली, आणि भावंडं एकाच चाळीत बिऱ्हाडं थाटून राहिली. एफयूटी-१ आणि एफयूटी-२ यांच्यात डीएनएच्या पस्तीसेक हजार अक्षरांचंच अंतर आहे. दोघांचं कामही तेच: साखळीच्या टोकाला फ्यूकोज जोडणं. फक्त जागा वाटून घेतल्या आहेत. पहिलं तांबड्या पेशींवर खुंट्या ठोकतं, दुसरं लाळेत, आतड्याच्या अस्तरात, शरीराच्या स्रावांत.

यातलं एक गेलं तर काय होतं? एफयूटी-२ निकामी असलेली माणसं जगात मुबलक आहेत. युरोपीय लोकांत पाचातलं एक. त्यांच्या लाळेत रक्तगटाचे पदार्थ उतरत नाहीत, एवढाच फरक. उलट नोरोव्हायरसच्या बऱ्याच प्रकारांपासून त्यांचं रक्षण होतं, कारण त्या विषाणूला आतड्यात पाय रोवायला नेमकी हीच साखर लागते. एफयूटी-१ गेलं आणि एफयूटी-२ शाबूत राहिलं, तर आणखी मजेदार प्रकार घडतो. पेशी स्वतः खुंटी ठोकू शकत नाही, पण दुसऱ्या भावंडानं इतरत्र बनवलेला माल रक्तद्रवातून वाहत येतो आणि थोडासा पेशीला चिकटतो. अशा माणसांना 'पॅरा-बॉम्बे' म्हणतात. त्यांची एच-विरोधी प्रतिपिंडं बहुधा सौम्य असतात. एकाच्या घरात चूल पेटली नाही तर शेजारून ताट यावं, तसं हे आहे.

परळच्या माणसांकडे ते ताटही आलं नाही. १९९७ ते २००० या काळात योशिरो कोडा आणि इतर संशोधकांनी भारतीय बॉम्बे गटाचं मूळ शोधलं. एफयूटी-१ मध्ये ७२५ व्या जागेवर टी या अक्षराऐवजी जी आलेलं. त्यामुळे विकरात एक अमिनो आम्ल बदललं आणि ते निकामी झालं. आणि एफयूटी-२ तर जागेवरच नव्हतं. सुमारे दहा हजार अक्षरांचा तुकडा, जनुकासकट, गळून पडला होता. 'आलू' नावाचे सारख्या मजकुराचे लाखो तुकडे माणसाच्या डीएनएत विखुरलेले आहेत. त्यातले दोन तुकडे चुकून एकमेकांशी जुळले आणि मधला भाग नाहीसा झाला. एक भावंड जखमी, दुसरं बेपत्ता. आणि दोन्ही बिघाड एकाच गुणसूत्रावर इतके जवळ की ते पिढ्यानपिढ्या एकाच गाठोड्यात जातात. आई आणि बाप दोघांकडूनही हे गाठोडं आलं की बॉम्बे गटाचं मूल जन्मतं. मामेबहीण-आतेभावाची लग्नं जिथे रीतीत बसतात, तिथे ही गाठ पडण्याची शक्यता वाढते.

मग निसर्ग जनुकांच्या अशा जोड्या बाळगतो तरी कशासाठी? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३३ मध्येच सुचवलं होतं की जनुकाची जादा प्रत असली तर एकीच्या बिघाडानं जीव मरत नाही. (हे हाल्डेन १९५७ साली भारतात कायमचे आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) १९७० साली सुसुमु ओहनो यांनी यावर ग्रंथच लिहिला: एक प्रत जुनं काम सांभाळते, म्हणून दुसरीला नवं शिकायची मोकळीक मिळते.

गेल्या पंचवीस वर्षांत याला तिसरं उत्तर मिळालं आहे. पेशीच्या आत विलक्षण गोंगाट असतो. एखाद्या जनुकाच्या संदेशाच्या प्रती पेशीत कित्येकदा बोटांवर मोजण्याइतक्या असतात. जनुक संथ धारेनं नव्हे, झटक्यानं काम करतं: मध्येच जोरात, मध्येच गप्प. मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ साली एकाच जिवाणूत अगदी सारख्या हुकमाखालची, पण वेगवेगळ्या रंगांत चमकणारी दोन जनुकं बसवली. हुकूम एकच, तरी काही जिवाणूंत एक रंग वरचढ, काहींत दुसरा. हा नशिबाचा भाग डोळ्यांनी दिसला. मग अशा गलक्यात बाहेरचा इशारा पेशी नीट ऐकते कशी?

याचं एक सुरेख उत्तर यीस्टमध्ये मिळालं, तेच यीस्ट ज्यानं इराण्याच्या बेकरीतला पाव फुगतो. इस्रायलमधल्या नामा बार्काई यांच्या गटानं २०१९ साली एमएसएन-२ आणि एमएसएन-४ या जोडजनुकांचा अभ्यास छापला. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी यीस्टच्या एका पूर्वजाचा सगळाच जनुकसंच दुप्पट झाला, त्यातून उरलेली ही जोडी. उष्णता, उपासमार असं संकट आलं की दोघंही तो इशारा पेशीच्या केंद्रकात पोचवतात आणि शेकडो जनुकं जागी करतात. एकट्या जनुकापुढे पेच असतो: स्थिर राहावं तर परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त होता येत नाही, आणि लवचिक राहावं तर गोंगाट वाढतो. जोडीनं हा पेच वाटून घेतला. एमएसएन-२ सगळ्या पेशींत जवळपास सारख्या प्रमाणात, शांतपणे हजर असतं. एमएसएन-४ परिस्थिती पाहून वाढतं-घटतं. सांच्याच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नसे, पण एका गिरणीचा भोंगा दबला तर पलीकडच्या गिरणीचा कानी पडे, हे ज्यानं गिरणगाव अनुभवलं आहे त्याला पेशीची ही सोय चटकन पटेल.

एफयूटी भावंडं इशारे पोचवत नाहीत. त्यांचं काम साखर जोडण्याचं आहे. पण जोडीचं मोल जगाला कळलं त्यात परळचा वाटा मोठा आहे. एक जनुक गेल्यानं काय होतं हे प्रयोगशाळेत उंदीर-यीस्टवर आज पाहता येतं. माणसात जोडीतली दोन्ही हरपली तर काय होतं, ते केईएमच्या टाईलवर डीएनएचा दुहेरी गोफ उलगडण्याच्याही एक वर्ष आधी दिसलं होतं. आणि ती माणसं एरवी ठणठणीत असतात, हेही तिथेच कळलं. त्यांच्यावर संकट येतं ते फक्त एकाच वेळी, रक्त लागेल तेव्हा.

ते संकट आजही तसंच आहे. २०२४ च्या मे महिन्यात नगर जिल्ह्यातला एक फुलांचा व्यापारी चारशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून इंदूरला गेला आणि बॉम्बे गटाच्या एका बाईला रक्त देऊन परतला. 

म्हणून ज्यांच्या रिपोर्टवर ओ लिहिलेलं आहे, त्यांनी रक्तपेढीत एकदा विचारावं: माझ्या रक्तद्रवाची ओ पेशींशी उलट तपासणी झाली आहे का? बॉम्बे गट निघाला, तर घाबरायचं कारण नाही. पण सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करून घ्या, कारण प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते. तुमचं नाव दुर्मीळ दात्यांच्या यादीत नोंदवा, आणि फोन आला की जा.